सोयाबीनच्या उगवण चाचणीचा फ्लेक्स: फोटो नेमका कशाचा टाकावा?

सोयाबीनवाली_औसा

नमस्कार. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी कामाला आहे. पद लेखापालाचं, पण सभासदांना फोन लावणं, बारदाना मोजणं आणि पोस्टर-बिस्टर करणं हेही माझ्याच टेबलावर येऊन पडतं. मृग महिन्यावर आलाय. यंदा प्रत्येक सभासदानं पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासायचीच असं संचालक मंडळानं ठरवलंय, आणि त्यासाठी दहा गावांत फ्लेक्स लावायचेत.

चाचणी काही अवघड नाही. पोत्यापोत्यातून मूठमूठ काढून मिसळायचं, त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैलसर गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा वर आले तर एकरी ३० किलो. त्याच्या खाली टक्क्यामागं अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६० ला ३५ किलो. ६० च्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरायचंच नाही. हे सगळं सगळ्यांना पाठ आहे. करत मात्र कुणी नाही. “घरचं हाय, उगवतंय की” म्हणतात आणि मग दुबार पेरणीचं रडगाणं. २०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, त्या विसरल्या असतील असंही नाही.

आता डिझाईन. चेअरमनसाहेबांनी ओळखीच्या पोराकडून एक करून आणलंय. वर लोगो, डावीकडं अकरा संचालकांचे गोल फोटो, मधे भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी, त्याच्यावर लाल अक्षरांत ‘सावधान!’ आणि तळाला चाचणीच्या नऊ पायऱ्या, मुंग्यांएवढ्या. आमच्या घरी बियाणं निवडायचं काम सासूबाईंचं. त्यांना मोबाईलवर दाखवलं, तर म्हणाल्या, “कर्जमाफीचं हाय का?”

तर माझं विचारणं असं. लोकांना भीती दाखवावी की काम दाखवावं? मजकूर किती ठेवावा? आणि ते अकरा फोटो काढायचे कसे, म्हणजे माझी नोकरी राखून?

फ्लेक्सवाला_उदगीर

ताई, आमचा धंदाच हा. पहिलं डोक्यातून काढा की फोटो निघतील. पैसे कोण द्यायलंय त्याचा फोटो येणारच. आणि खरं सांगू का, गावात फ्लेक्सपाशी माणूस थांबतो तो चेहरे बघायलाच. कुणाचा आलाय, कुणाचा गळालाय, कोण कुणाच्या शेजारी बसवलाय, ह्याच्यावर पारावर तासभर चर्चा चालती. ते थांबणं तुम्हाला फुकटात मिळायलंय, ते कशाला घालवता? फक्त त्या चेहऱ्याला काम लावा.

फ्लेक्सच्या मशीनला ऑफसेटसारखी प्लेट नसती. दहा फ्लेक्स सारखे छापा नाहीतर दहाचे दहा वेगळे, भाव स्क्वेअर फुटाचाच. हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. मग अकरा जणांची गर्दी एका फ्लेक्सवर कशाला? ज्या गावात लावायचा त्या गावचा संचालक एकटा घ्या, मोठा घ्या, आणि त्याच्या हातात उलगडलेलं गोणपाट द्या. खाली त्याचा आकडा. “माझं ७८ उगवलं. तुमचं?” संचालक खूश, तुमचंही काम झालं.

आता अक्षराचं. गिऱ्हाईक आलं की म्हणतंय जाड करा, पांढरी बॉर्डर द्या, सावली द्या. त्यानं होतं काय की ‘भ’ आणि ‘ध’ च्या डोक्यावरची फट बुजून जाती. लांबून ‘भ’ चा ‘म’ दिसतो आणि ‘ध’ चा ‘घ’. तुमच्या त्या पोरानं लाल ‘सावधान’ ला बॉर्डर मारली असेल तर फाट्यावरून ते ‘सावघान’ वाचायचं. जाडी मध्यम ठेवा, बॉर्डर-सावली बंद, त्याच्या बदल्यात अक्षर मोठं घ्या. ‘मुक्ता’ फाँट फुकट मिळतो, युनिकोड आहे, फट मोकळी राहती. दोन ओळींत जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत जाऊन बसतो.

मापाचा आमचा ठोकताळा असा की दहा फुटांवरून नीट वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. फाट्यावर साठ फुटांवरून दिसायचं असेल तर सहा इंच. मोटारसायकल चाळीसच्या स्पीडनं आली तरी सेकंदाला अकरा मीटर जाती. सहा-सात शब्दांच्या वर गेलात तर ते कंपनीच्या समाधानासाठी लिहिलंय असं समजा.

एक राहिलं. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर दाबून चपटा होऊन येतो आणि मग लोक म्हणतेत उदगीरचं मशीन खराब आहे.

निवृत्त_चित्रकला_अंबाजोगाई

तुमच्या सासूबाईंनी अगदी बरोबर वाचलं. भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात हे चित्र वर्तमानपत्रांनी इतकी वर्षं दुष्काळ, आत्महत्या आणि कर्जमाफीच्या बातमीला लावलंय की आता त्याच्या खाली काहीही लिहा, वाचलं तेच जाणार. चित्र कोरं नसतं, आधीच्या वापराचा अर्थ अंगावर घेऊन येतं. शिवाय ह्या चित्रातला माणूस काही करत नाही. बसलाय. बघणाऱ्यालाही बसावंसं वाटतं. मला स्वतःला ह्या चित्राचा कंटाळा नाही, राग आहे. मराठवाड्याचा माणूस म्हटलं की तो बसलेलाच दाखवायचा, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक.

नुसत्या भीतीचंही बघा. २००९ मध्ये तंबाखूच्या पुड्यांवर सचित्र इशारा सुरू झाला, तेव्हा खायच्या तंबाखूवर विंचवाचं चित्र होतं. आठवतंय का? विंचवाचा आणि तंबाखूचा संबंध काय हे पाहणाऱ्याला लागत नाही अशी टीका झाली. आमच्या वर्गातल्या पोरांना विचारलं तर त्यांना तो छापच वाटायचा, वाघछाप, घोडाछाप तसा विंचूछाप. २०११ च्या डिसेंबरात तो गेला आणि तोंडाच्या कर्करोगाचे फोटो आले. बघवत नाहीत, पण कशाबद्दल आहेत हे तरी कळतं.

ह्याच्या उलट १९५१-५२ ची पहिली निवडणूक घ्या. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. बैलजोडी, झोपडी, झाड. रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तू, ठसठशीत रेघेत, मागं काही गर्दी नाही. आमचे वडील सांगायचे, लोक पक्षाचं नाव घ्यायचेच नाहीत, “बैलाच्या पेटीत टाकलं” म्हणायचे. पुढं साठीच्या दशकात कुटुंब नियोजनाचा उलटा लाल त्रिकोण आला. चित्र म्हणून त्यात काहीच नाही, पण भिंतीभिंतीवर तोच आकार आणि तोच रंग. दर वर्षी नवं डिझाईन काढायची हौस नव्हती म्हणूनच तो डोक्यात बसला.

आता तुमच्या फोटोकडं येऊ. तुम्हाला चित्र शोधायला जायचंच नाही, ते गोणपाटावर मांडलेलं आहे. १०० दाणे, दहा ओळी, प्रत्येकीत दहा. एक दाणा म्हणजे एक टक्का. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो न्यूराथ नावाच्या गृहस्थांनी सामान्य माणसाला आकडे कळावेत म्हणून चित्रभाषा बसवली. त्यांचा नियम होता की संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, त्याच मापाची चित्रं जास्त काढायची, म्हणजे डोळा आपोआप मोजतो. तुमचं गोणपाट तेच करतंय. कोंब फुटलेले पांढरे दिसतील, न फुटलेले पिवळेच राहतील, आणि बघणाऱ्याची नजर आधी त्या न फुटलेल्यांवर जाईल. माणसाचा स्वभावच आहे, जे नाही ते मोजायचं.

फोटो असा काढा. गोणपाट ओलं असतानाच, म्हणजे ते गडद दिसतं आणि कोंब उठून येतो. सकाळी, ओसरीच्या सावलीत, फ्लॅश न टाकता. मोबाईल बरोबर वर धरा, तिरका नको, नाहीतर पुढच्या ओळी मोठ्या आणि मागच्या बारीक येतात आणि मोजता येत नाही. कोपऱ्यात हात येऊ द्या. कुणाचे? सासूबाईंचे. हिरव्या बांगड्या, एक बोट एका न उगवलेल्या दाण्यावर. हे काम घरात कोण करतं ते त्या हातावरून कळतं, सांगावं लागत नाही. संचालकांचा चेहरा उदगीरकर म्हणतात तसा वर असू द्या, पण जास्त जागा गोणपाटाला.

आणखी एक. ‘पेरणीआधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं शेजारी लावायचा मोह होईल. लावलीत तर १ आणि २ आकडे घाला. आपण मराठी वाचणारे डावीकडून सुरू करतो म्हणून तो क्रम आपल्याला उघड वाटतो. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुन्या पिढीचं शिक्षण उर्दूत झालं, आजही औशा-उदगिरात उर्दू शाळेत शिकलेली पुष्कळ घरं आहेत. त्यांची नजर उजवीकडून सुरू झाली तर तुमचं हिरवं शेत आधी आणि बोडकं नंतर. तुमच्या चाचणीनं पीक घालवलं असा त्याचा अर्थ होईल. अजिंठ्याच्या भिंतींवर तर कितीतरी ठिकाणी गोष्ट काळाच्या क्रमानं नाहीच, जागेच्या क्रमानं आहे. राजवाड्यात घडलेलं सगळं एका ठिकाणी, रानातलं दुसरीकडं, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा. समोर भिक्खू उभा राहून सांगत असेल तर ते चालतं. फ्लेक्सपाशी सांगायला कोण उभं राहणार?

रंगाचं थोडक्यात: भगवा, हिरवा, निळा ह्यातला कुठलाही पूर्ण पार्श्वभूमीला घेतलात की गावातली निम्मी माणसं हा अमक्याचा फ्लेक्स म्हणून मान वळवतील. पिवळ्यावर काळं अक्षर घ्या. लांबून वाचायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

कृसहा_लातूर

सरांचं बहुतेक पटलं. भीतीबद्दल मात्र थोडं वेगळं सांगते. मी कृषी सहायक आहे, बैठकीत रिकाम्या सरीचा फोटो दाखवला की लोक ऐकतात हे मी पाहिलंय. ऐकतात, च्-च् करतात, चहा पितात आणि घरी जातात.

ह्यावर १९६५ चा येल विद्यापीठातला एक जुना अभ्यास प्रशिक्षणात सांगितला होता, तो माझ्या डोक्यातून जात नाही. विद्यार्थ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं म्हणून काहींना भयंकर फोटोंची पत्रकं दिली, काहींना साधी. भयंकर पत्रकवाले जास्त घाबरले, घ्यायला पाहिजे असंही म्हणाले. पण प्रत्यक्ष घ्यायला जाण्यात त्या भीतीनं फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो एका वेगळ्याच गोष्टीनं. काही पत्रकांत दवाखान्याचा नकाशा होता आणि तुमच्या दिवसात कधी जाल ते ठरवा असं सांगितलं होतं. ती मिळालेल्यांपैकी २८ टक्के गेले, न मिळालेल्यांपैकी ३ टक्के. दवाखाना कुठं आहे हे त्या पोरांना आधीच माहीत होतं, तरीसुद्धा.

म्हणून फ्लेक्सवर वार टाका. आपल्या चाचणीला सहा-सात दिवस लागतात आणि आठवडी बाजार सात दिवसांनी भरतो. “ह्या बाजारी भिजवा, पुढच्या बाजारी मोजा.” झाले सहा शब्द. उदगीरकरदादा म्हणतात तसे फ्लेक्स गावागावाला वेगळे छापणारच असाल तर त्या गावचा बाजाराचा वारही घाला. मधे दाणे वाळू द्यायचे नाहीत एवढं मात्र कुठंतरी आलं पाहिजे, नाहीतर मंगळवारी भिजवून थेट पुढच्या मंगळवारीच बघतील.

आणि फोटो नेटवरून घेऊ नका, कितीही सुंदर असला तरी. एका पत्रकावर सोयाबीनचं म्हणून परदेशातलं शेत छापलेलं होतं, एवढाली लांबलचक सरळ रांग आणि लांब कुठंतरी लाल कोठार. एका मामांनी ते हातात घेतलं, बघितलं आणि म्हणाले, “हे आपल्याकडचं न्हाई.” पुढचं एक अक्षर वाचलं नाही, घडी करून त्यात तंबाखू ठेवली.

सोयाबीनवाली_औसा

सगळ्यांचे खूप आभार. आठवड्याभरात इथं बरंच झालं, ते सांगते.

चेअरमनसाहेबांना अकरा फोटोंऐवजी गावागणिक एक ही कल्पना सांगितली. लगेच पटली, उलट म्हणाले, माझा सगळ्यात आधी. सरांनी सांगितलं तसं त्यांच्या ओसरीत गोणपाट मांडलं. काकूंनीच मांडलं, साहेब खुर्चीत होते. बाजारच्या दिवशी भिजवलं, पुढच्या बाजारी उलगडलं, आणि मोजले तर ६४. पुन्हा मोजले, ६४ च. साहेब गप्प. मग म्हणाले, माझा फोटो राहू द्या, दुसऱ्या कुणाचा तरी घ्या, चेअरमनचंच बियाणं नापास म्हणून गावभर होईल.

दुसऱ्या गावातल्या संचालकांचं ८१ आलं, ते आपण होऊन फोटो पाठवायलेत. तिसऱ्याचं ५७ आलंय आणि त्यांनी फोनच उचलणं बंद केलंय. आता काय करू? फक्त चांगल्या आकड्यांचे फ्लेक्स लावू का?

सासूबाईंचे हात आले आहेत फोटोत. बांगड्या हिरव्या नाहीत, लाल आहेत. त्यांना विचारलं हे कशाचं वाटतं, तर म्हणाल्या, “छत्तीस गेले की वाया.” म्हणजे सर, तुमचं खरं निघालं, आधी न उगवलेलेच मोजले.

कृसहा_लातूर

६४ वालाच सगळ्यात आधी लावा! ८१ बघून माणूस म्हणणार, त्यांचं चांगलं आहे, माझंही असेल. ६४ बघून तो घरी जाऊन स्वतःचं पोतं उघडतो. वाक्य असं करा: “माझे ६४ उगवले. म्हणून मी एकरी ३३ किलो पेरणार.” तक्त्याप्रमाणं ६४ ला ३३ च बसतात. नापास नाही म्हणावं साहेबांना, वेळेत कळलं म्हणून वाचले. पेरल्यावर कळलं असतं तर?

५७ वाल्यांना फोटोसाठी फोन करू नका. त्यांना आत्ता बियाणं पाहिजे, फ्लेक्स नको. ८१ वाल्यांकडं शिल्लक असेल तर तिथून जमतंय का बघा. सोयाबीन स्वपरागीत आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं बियाणं शेजाऱ्याकडून घेतलेलं चालतं.

निवृत्त_चित्रकला_अंबाजोगाई

सहमत. आणि ६४ वाल्या फोटोतलं काही दुरुस्त करू नका. कोंब जास्त पांढरे करणं, एखादा दाणा झाकणं, काही नाही. गोणपाट समोर आहे, लोक बोट ठेवून मोजणार. ६३ भरले तर संपलं. लाल बांगड्याही राहू द्यात, हिरव्यापेक्षा बऱ्याच. पिवळ्या-तपकिरीत लाल रंग नजर बरोबर बोटाकडं नेतो.

सोयाबीनवाली_औसा

काकूंनी साहेबांना तयार केलं, मला काही बोलावं लागलं नाही. “मोजले मी, लाज तुमाला का?” एवढंच म्हणाल्या. फोटोत आता दोघं आहेत.

असं ठरलंय: फाट्यावर आणि बसथांब्यावर मोठा फ्लेक्स, त्यात गोणपाट, चेहरा, आकडा आणि बाजाराची ओळ. बाकी काही नाही. चाचणीच्या पायऱ्या आणि किलोचा तक्ता वेगळ्या कागदावर, पिठाच्या गिरणीत आणि दूध डेअरीत. गिरणीत बायका दळण होईपर्यंत बसलेल्याच असतात, तिथं चार ओळी जास्त चालतात, आणि बियाणं निवडणाऱ्याही त्याच. त्या कागदावर दर दोन पायऱ्यांना एक चित्र आहे, सगळ्यांना आकडे घातलेत, आणि ‘पाणी शिंपडा’ च्या चित्रात तांब्या दाखवलाय. आधी त्या पोरानं झारी काढली होती. झारी कुणाच्या घरी असते?

उदगीरकरदादा, फाईल उद्या पाठवते, डॉक्युमेंट म्हणूनच. एकच अडलंय. साहेब म्हणतात कंपनीचा लोगो वर मधोमध आणि चेहऱ्याएवढा पाहिजे.

फ्लेक्सवाला_उदगीर

खाली उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा. विचारलं तर सांगा की मशीनवाल्यानं सांगितलं, वरची एक फूट पट्टी दोरी बांधायला सुरकुततीच, लोगो वाकडा दिसंल. थोडंफार खरंच आहे ते. आणि दहा फ्लेक्सना दोरी ओवायच्या रिंगा जास्त मारून देतो, काढल्यावर तुमचे सभासद सोयाबीनच्या बनमीवर, म्हणजे कापून रचलेल्या ढिगावर, टाकणारच आहेत.